रोज दहा शब्द पाठ करूनही इंग्रजी वाचता का येत नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी मराठी माध्यमात शिकले. आता कार्यालयातला निम्मा पत्रव्यवहार इंग्रजीत असतो. गेले सात महिने मी रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करते. वही भरत आली, पण मागची पाने उघडली की निम्म्याहून अधिक शब्द अनोळखी वाटतात. त्यातले काही नमुन्यादाखल पाठवत आहे. इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख रोज वाचावा असे एकाने सुचवले, तोही प्रयत्न करून पाहिला. एका परिच्छेदाला अर्धा तास लागतो आणि शेवटी काय वाचले हेच आठवत नाही. माझी मुलगी तिसरीत आहे. तिची इंग्रजी गोष्टींची पुस्तके मला समजतात, पण या वयात ती वाचायचा संकोच वाटतो. मी नेमके काय वाचावे, शब्दकोश किती वापरावा आणि फरक पडायला किती काळ लागेल?"

सप्रेम नमस्कार.

सात महिने रोज दहा शब्द म्हणजे सुमारे २१०० शब्द होतात. हा हिशेब मी मुद्दाम मांडतो आहे, कारण इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या वर्तुळात जवळपास याच आकाराची एक यादी फार प्रसिद्ध आहे. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनी १९५३ साली सुमारे २००० शब्दांची यादी प्रकाशित केली. सर्वसाधारण मजकुरात वारंवार येणारे आणि शिकणाऱ्याला सर्वाधिक उपयोगी पडणारे शब्द त्यांनी तीत निवडले होते, आणि पुढच्या मोजण्यांत असे आढळले की साध्या इंग्रजी लेखनातल्या दर शंभर शब्दांपैकी सुमारे ऐंशी शब्द या यादीतले किंवा त्यांच्या कुळातले, म्हणजे त्याच मूळ शब्दांची वेगवेगळी रूपे असलेले, असतात. तुम्ही जेवढे कष्ट घेतलेत तेवढ्याच कष्टांत एखाद्याला पानाचा एवढा मोठा भाग ओळखीचा होऊ शकतो. तुमच्या वहीतले जे शब्द तुम्ही पाठवलेत, त्यांत मात्र 'युबिक्विटस' (सर्वत्र आढळणारे), 'एफेमरल' (क्षणभंगुर) आणि 'गॅरुलस' (बडबड्या) आहेत. हे शब्द चुकीचे नाहीत, पण तुमच्या कार्यालयातल्या पत्रांत ते वर्षभरात एकदा तरी भेटतील की नाही याची मला शंका आहे, आणि जो शब्द पुन्हा भेटतच नाही तो स्मरणात टिकावा अशी अपेक्षा करणे हा स्मरणशक्तीवर अन्याय आहे.

मागची पाने अनोळखी वाटतात याचे दुःख तुमच्या पत्रात ओळीओळीतून जाणवते, म्हणून हेही सांगतो की यात तुमच्या बुद्धीचा दोष मुळीच नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करून त्यांतले किती, किती वेळाने विसरले जाते, हे त्यांनी मोजले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि मग तो मंदावत जातो, असे त्यांना दिसले. एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेल्या उजळण्या अधिक टिकतात, हेही त्यांनीच नोंदवले. उजळणीविना विसरण्यालाच आपल्याकडे 'पुढचे पाठ, मागचे सपाट' म्हणतात. तुमच्या वहीत प्रत्येक शब्द एकदा आला, पुढच्या दिवशी नवे दहा आले आणि आधीच्या दहांना परत भेटायची संधीच मिळाली नाही. वाचन ही संधी आपोआप देते, आणि म्हणून माझा पहिला सल्ला असा आहे की दहा शब्दांची यादी आजपासून थांबवा आणि तो वेळ वाचनाला द्या.

आता वाचायचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. पॉल नेशन हे न्यूझीलंडचे शब्दसंग्रहाचे अभ्यासक. त्यांनी आपल्या सहकारी संशोधिकेसह २००० साली असा निष्कर्ष मांडला की कुणाच्या मदतीविना एखादी गोष्ट वाचून समाधानकारक समजायची असेल, तर बहुतेक वाचकांना तिच्यातले शंभरापैकी अठ्ठ्याण्णव शब्द माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडले तर गाडी चालते. तीस अडले तर ती प्रत्येक ओळीला थांबते, आणि वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात मनातून निसटलेली असते. अग्रलेख वाचताना तुमचे हेच होते आहे. वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या या अठ्ठ्याण्णवच्या पातळीवर वाचायच्या तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असे नेशन यांनीच २००६ साली दाखवले. त्यातही अग्रलेखात वाचकाला आधीचे सगळे ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते, एकेका वाक्यात तीन-तीन उपवाक्ये असतात आणि उपरोधही असतो. ज्याने तुम्हाला अग्रलेख सुचवला त्याचा हेतू चांगला होता, पण पोहायला शिकणाऱ्याला खोल पाण्यात ढकलण्यासारखा तो सल्ला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोपे वाचणे म्हणजे कमी प्रतीचे वाचणे, ही समजूत मनातून काढून टाकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. वेस्ट १९२०च्या दशकात बंगालमध्ये शिक्षण खात्यात काम करत होते. मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि तरीही एक साधे पुस्तक त्यांना वाचता येत नाही, हे पाहून त्यांनी क्रमिक वाचनमाला तयार केली. त्यांनी दोनच गोष्टी केल्या: जुन्या ग्रांथिक शब्दांच्या जागी रोजच्या वापरातले शब्द घातले, आणि एका पानावर थोडेच नवे शब्द आणून ते पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा येतील अशी काळजी घेतली. आजची 'ग्रेडेड रीडर' म्हणून मिळणारी पुस्तके याच विचारातून आलेली आहेत. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीने १९५९ साली शिकणाऱ्यांसाठी जी इंग्रजी बातमीपत्रे सुरू केली, ती सुमारे १५०० शब्दांच्या मर्यादेत आणि संथ गतीने वाचली जात. जगभराच्या घडामोडी जर एवढ्या शब्दांत सांगता येतात, तर तेवढे शब्द पक्के असलेल्या वाचकाने स्वतःला अडाणी समजण्याचे काहीच कारण नाही. विकिपीडियाची सोप्या इंग्रजीतली वेगळी आवृत्ती आहे, तीही चाळून पाहा. ज्या विषयाची तुम्हाला मराठीतून माहिती आहे असाच लेख आधी उघडा, म्हणजे आशय समजण्याचे श्रम वाचतात आणि लक्ष भाषेकडे राहते.

पाठ केलेला शब्द आणि वाचनात भेटलेला शब्द यांतला फरक एका उदाहरणाने दाखवतो. 'रिलक्टंट' हा शब्द बहुतेक याद्यांत 'नाखूश' या अर्थाने दिलेला असतो. माझ्याकडे प्रौढांच्या वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तो तसाच पाठ केला आणि बदलीबद्दलची नाराजी कळवताना 'आय ॲम रिलक्टंट विथ माय ट्रान्सफर' असे लिहिले. यादीच्या दृष्टीने त्याची काहीच चूक नव्हती. नाखूश हा अर्थ त्याने जसाच्या तसा वापरला होता. हाच शब्द वाचनात भेटतो तेव्हा काय होते ते पाहा. एका बातमीत 'द विटनेस वॉज रिलक्टंट टू स्पीक' असे येते, आणि साक्षीदार बोलायला तयार नव्हता एवढे कळते. आठवड्याने एका गोष्टीत 'शी रिलक्टंटली अग्रीड' असे दिसते, म्हणजे तिने आढेवेढे घेतले, पण शेवटी होकार दिला. पुढे कधीतरी एखाद्या पत्रात 'वी आर रिलक्टंट टू एक्स्टेंड द डेट' असे वाचायला मिळते, आणि मुदत वाढवायला ते राजी नाहीत हे ध्यानात येते. तीन भेटींत तुम्हाला न शिकवता तीन गोष्टी कळल्या: हा शब्द एखादी कृती करायला मन न होण्याविषयी आहे, त्याच्यापाठोपाठ 'टू' आणि क्रियापद येते, आणि 'आढेवेढे घेणारा' हा त्याचा मराठी भाव 'नाखूश'पेक्षा कितीतरी जवळचा आहे. हे कोणत्याही यादीत एका ओळीत मावत नाही.

अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांनी घात होतो, हेही मला अनुभवाने दिसले आहे आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. 'आउटस्टँडिंग' म्हणजे उत्कृष्ट, हे आपण प्रगतिपुस्तकावरून शिकलेलो असतो. मग कार्यालयातल्या पत्रात 'आउटस्टँडिंग अमाउंट' दिसले की क्षणभर गोंधळ होतो, कारण तिथे त्याचा अर्थ 'येणे बाकी असलेली रक्कम' असा असतो. 'अड्रेस' म्हणजे पत्ता, पण 'वी विल अड्रेस युवर कन्सर्न' याचा अर्थ 'तुमच्या अडचणीत आम्ही लक्ष घालू' असा होतो. 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांतले सगळे शब्द पहिलीच्या मुलाला ठाऊक असतात, तरी बैठक पुढे ढकलली आहे की रद्द झाली आहे हे त्यांच्या जोडीवरून ठरते. वेस्ट यांच्या यादीत प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात आढळतो हेही नोंदलेले होते, ते याचसाठी. त्यामुळे वाचताना ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नाही असे वाटले, की तिथे थांबा. अनोळखी लांबलचक शब्द एखादे वेळी सोडून दिला तरी चालेल, पण न बसणारा ओळखीचा शब्द सोडू नका.

तसेच जोडणाऱ्या शब्दांचे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रिका आपण सहसा टाकून देतो. रोजच्या वाचनासाठी ती मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यातली वाक्ये छोटी असतात, ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि अर्थ चुकवून चालत नाही. तिच्यात अशा धर्तीचे एक वाक्य असते: 'डू नॉट स्टॉप टेकिंग धिस मेडिसिन अनलेस युवर डॉक्टर टेल्स यू टू.' यातला 'अनलेस' कळला नाही आणि त्या जागी 'इफ' वाचला गेला, तर 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका' याचे 'डॉक्टरांनी सांगितले तर बंद करू नका' असे नेमके उलटे होऊन बसते. 'अनलेस', 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'विदर', 'देअरफोर', 'हाउएव्हर' हे वाक्याला वळण देणारे शब्द आहेत. एक-दोन डझनच आहेत, पण ते पक्के झाले की पत्रे आणि सूचना वाचताना तुमचा आत्मविश्वास किती वाढतो ते महिनाभरात स्वतःच पाहाल. त्याच पत्रिकेत 'डू नॉट एक्सीड द स्टेटेड डोस' हेही आढळेल. दिलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका. हा 'एक्सीड' उद्या एखाद्या अर्जात 'शुड नॉट एक्सीड २०० वर्ड्स' म्हणून समोर आला की तो चटकन ओळखू येईल.

उपकरणाच्या खोक्यावरच्या सूचना, मोबाइलवर येणारे संदेश, प्रवासाच्या तिकिटामागचे नियम, कार्यालयातली परिपत्रके हे सगळे तुमचे रोजचे वाचन आहे आणि ते तुमच्याकडे आपणहून चालत येते. मोबाइलची भाषा इंग्रजी करून ठेवा.

शब्दकोशाविषयी. अडला शब्द की लगेच कोश, ही सवय वाचनाचा प्राण घेते. आधी वाक्य संपवा, मग पुढचे वाक्यही वाचा, आणि मनात एक अंदाज बांधा. तो शब्द कळल्याशिवाय पुढचे काहीच लागत नसेल, किंवा तो पानावर दुसऱ्यांदा आला असेल, तरच कोश उघडा आणि आपला अंदाज बरोबर होता का ते पाहा. अंदाज चुकला तरी हरकत नाही, कारण अंदाज बांधण्यासाठी मन ज्या खटाटोपातून जाते त्यानेच शब्द रुजतो. बोट ठेवताच अर्थ दाखवणारी मोबाइलमधली सोय वापरायला माझी ना नाही, फक्त ती या खटाटोपानंतर वापरा. कोश इंग्रजी-मराठी जरूर ठेवा, पण त्याच्या जोडीला शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला एक इंग्रजी-इंग्रजी कोश असू द्या. असे कोश मुद्दाम मर्यादित शब्दांत अर्थ सांगतात. 'लाँगमन'ने १९७८ साली काढलेल्या अशा कोशात सगळे अर्थ सुमारे २००० शब्दांच्या मर्यादेत दिलेले होते. त्यामुळे अर्थ वाचता वाचता तेच नेहमीचे शब्द परत नजरेखालून जातात, आणि प्रत्येक अर्थासोबत एखादे वाक्यही मिळते. शब्दापेक्षा त्या वाक्याकडे अधिक पाहा.

उपसर्ग आणि धातू यांची मदत मराठी माणसाला लवकर होते, कारण ही रचना आपल्या हाडीमांसी आहे. एका 'हार'पासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार होतात, तसे लॅटिनमधल्या 'पाहणे' या अर्थाच्या 'स्पेक्ट'पासून 'इन्स्पेक्ट', 'प्रॉस्पेक्ट', 'रिस्पेक्ट' आणि 'स्पेक्टेटर' झाले आहेत. शब्द लक्षात ठेवायला ही नाती उत्तम, पण अर्थ ठरवायला त्यांच्यावर एकट्याने विसंबू नका. 'इन' म्हणजे नकार असे धरून कुणी डब्यावरच्या 'इन्फ्लेमेबल' या शब्दाचा अर्थ 'न पेटणारे' असा लावला, तर अनर्थ होईल. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ 'चटकन पेट घेणारे' असाच आहे.

वही मात्र फेकू नका. तिची पद्धत बदला. दिवसाला जास्तीत जास्त तीन नोंदी करा, आणि प्रत्येक नोंदीत सुटा शब्द न लिहिता ज्या वाक्यात तो भेटला ते अख्खे वाक्य उतरवा. खाली मराठी अर्थ एका ओळीत लिहा, आणि शक्य असेल तर स्वतःच्या कामातले एक वाक्य त्याच धाटणीने बनवा. ही पाने दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने नजरेखालून घाला. उजळणी करताना अर्थ झाकून ठेवा आणि आठवण्याचा प्रयत्न करा. नुसते वाचून गेल्याने सगळे येते असा भास होतो. जो शब्द दोन महिन्यांत तुम्हाला वाचनात पुन्हा भेटला नाही, त्याच्यावर बिनदिक्कत काट मारा.

केवळ वाचून शिकणाऱ्याला एक धोका असतो, तो उच्चाराचा. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचले जाते, म्हणून इंग्रजी शब्दही अक्षरांप्रमाणे उच्चारण्याकडे आपला कल असतो. कर्ज या अर्थाच्या 'डेट' या शब्दात 'बी' हे अक्षर आहे आणि पावतीच्या 'रिसीट'मध्ये 'पी' आहे, पण दोन्ही उच्चारत नाहीत. हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा ती अक्षरे त्यांत नव्हती; मूळ लॅटिन शब्दांशी नाते दिसावे म्हणून पंडितांनी ती मागाहून लेखनात घुसवली, आणि बोलणारे आपले पूर्वीसारखेच बोलत राहिले. वहीत घेतलेल्या प्रत्येक शब्दाचा उच्चार मोबाइलवरच्या कोशात एकदा ऐका, आणि वाक्य मोठ्याने वाचा.

किती काळ लागेल, याचे उत्तर हिशेबानेच देतो. अगदी सावकाश, मिनिटाला १२० शब्द या गतीने, रोज पंधरा मिनिटे सोपे वाचन केले तर दिवसाला १८०० आणि वर्षाला साडेसहा लाखांहून अधिक शब्द वाचून होतात. त्यातले शंभरात दोन अनोळखी धरले, तर वर्षभरात अनोळखी शब्दांच्या सुमारे तेरा हजार भेटी घडतात. त्या तेरा हजार वेगवेगळ्या शब्दांच्या नसतात. बरेचसे शब्द परत परत येतात, आणि या परत येण्यातूनच ते अंगवळणी पडतात. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला वाचनाचा वेग वाढल्यासारखा वाटेल. नवे शब्द स्वतःच्या लिहिण्यात उतरायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि या काळात आपण काहीच शिकत नाही असे वाटण्याचे दिवस येतील. त्या दिवशीही पंधरा मिनिटे सोडू नका. सहा महिन्यांनी अग्रलेख पुन्हा उघडा, आठवड्यातून एकच, आणि तोही ज्या घडामोडीची बातमी तुम्ही मराठीत आधी वाचली आहे तिच्यावरचा.

राहिला तुमचा संकोच. मुलीची पुस्तके तुम्हाला समजतात, म्हणजे त्यांतले शंभरापैकी अठ्ठ्याण्णव शब्द तुम्हाला येत असावेत, आणि वर सांगितलेली पातळी हीच. आज रात्री तिच्याकडून एक पुस्तक मागून घ्या. एक पान तिने मोठ्याने वाचावे, एक तुम्ही वाचावे. तिला अडलेला शब्द तुम्ही सांगा, आणि तुम्हाला अडला तर तिला विचारा. तिसरीतल्या मुलीला आईला काही शिकवायला मिळाले तर तिलाही दुसऱ्या दिवशी ते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटेल. दोघींना मिळून जो शब्द कळला नाही, तो तुमच्या वहीतली पहिली नोंद होऊ द्या.